‘माय फेअर लेडी’ची रेकॉर्ड घेण्यापूर्वी

जुन्या रेकॉर्डी धुऊन, दोन्ही बाजू वाजवून, तपासून विकणं हा आमचा व्यवसाय. ‘माय फेअर लेडी’ या इंग्रजी संगीतिकेची रेकॉर्ड मागितलीत की आम्ही आधी विचारू, कोणती? या नावाच्या प्रामुख्याने तीन रेकॉर्डी फिरतात आणि भलतीच घरी नेल्याने हिरमोड झालेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत.

पहिली १९५६ची, मोनो (म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज), क्रमांक ओएल ५०९०. न्यूयॉर्कच्या मार्क हेलिंजर थिएटरात १५ मार्चला पडदा उघडला आणि दहाच दिवसांनी, रविवारी, सगळा संच कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत जमला. हा स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं चर्च. कंपनीने नाटकातही पैसा घातला होता, आणि तो वाया गेला नाही: २,७१७ प्रयोग आणि १९५७ साली सर्वोत्कृष्ट संगीतिकेसह सहा टोनी पुरस्कार.

दुसरी लंडनच्या संचाची, १९५९ची, स्टिरिओ, ओएस २०१५. रेक्स हॅरिसन, ज्युली अँड्र्यूज, स्टॅन्ली हॉलोवे हे तिघे दोन्हींत आहेत. जॅकेटवर चित्रही तेच. ढगांत बसलेले दाढीवाले बर्नार्ड शॉ, म्हणजे मूळ गोष्टीचे नाटककार, दोऱ्या ओढताहेत, त्या दोऱ्यांना उच्चार शिकवणारा प्रोफेसर हिगिन्स आणि हिगिन्सच्या हातातल्या दोऱ्यांना त्याची शिष्या, फुलवाली एलायझा. म्हणून चित्र नव्हे, क्रमांक बघा.

तिसरी १९६४च्या चित्रपटाची. तिच्यात ज्युली अँड्र्यूज नाही. पडद्यावर ऑड्री हेपबर्न आहे, पण बहुतेक गाणी मार्नी निक्सनच्या आवाजात आहेत.

‘ती फुलराणी’ पाहिलेल्यांना गोष्ट ओळखीची वाटेल. पुलंनी ते नाटक शॉच्या मूळ ‘पिग्मॅलियन’वरून घेतलं, ॲलन जे लर्नर आणि फ्रेडरिक लोव यांची ही गाणी त्यात नाहीत. एलायझात मंजुळा जरूर शोधा, चाली मात्र पूर्णपणे नव्या ऐकायला मिळतील.

एकच घ्यायची तर आम्ही १९५६ची मोनो सुचवतो. हिगिन्स झालेला हॅरिसन गायक नव्हता. तो सुराच्या कडेकडेने शब्द बोलत जातो आणि नाटक नवं असतानाच्या या मुद्रणात त्या बोलण्याला जी धार आहे, ती लंडनच्या मुद्रणात थोडी सैलावली आहे. एलायझा झालेली ज्युली अँड्र्यूज मात्र लंडनमध्ये अधिक मोकळी गाते, हे मान्य करायलाच हवं.

हॅरिसनच्या बोलण्याखाली वाद्यं हळू असतात, त्यामुळे खरखर तिथेच आधी ऐकू येते. आम्ही नेमक्या त्याच जागा तपासतो. मोनो रेकॉर्ड नेहमीच्या स्टिरिओ सुईवर चालते. ॲम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर दाबा, खरखर बरीच कमी होते. रेकॉर्ड कडेने धरा, उभी ठेवा, एकावर एक रचू नका.

तरी मनाचं ठरत नसेल तर दुकानात या. एलायझाचे उच्चार पहिल्यांदा जमतात ते गाणं आम्ही १९५६च्या आणि लंडनच्या अशा दोन्ही रेकॉर्डींवर लावून दाखवू.