बिनतारी संदेशवहन जाळी (ठाणे खाडी परिसर)

बिनतारी संदेशवहन जाळी : तारेचा दुवा न ठेवता विद्युत् चुंबकीय तरंगांवर संदेशांची देवघेव करणाऱ्या साधनांचा समूह. मोबाइल, वाय-फाय, पोलिसांचा वायरलेस, गाडीच्या काचेवरचा फास्टॅग ही त्याची रूपे वाचकाच्या रोजच्या परिचयाची असल्याने त्यांचे वर्णन येथे केलेले नाही. या जाळ्यांच्या कार्यक्षमतेवर व सुरक्षिततेवर झालेले संशोधन आणि ठाणे व नवी मुंबई यांच्यामधील खाडीमुळे त्यात पडणारी भर, एवढ्यापुरती ही नोंद मर्यादित आहे.

संज्ञा : ‘बिनतारी’ या शब्दातील ‘तार’ फार्सीतून आली आहे. ‘बिन’विषयी मतभेद संभवतो, परंतु ‘बिनचूक’, ‘बिनतोड’ असे देशी जोडशब्द पाहता तो संस्कृत ‘विना’पासून आला असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. हिंदीत याच अर्थाने येणाऱ्या ‘बेतार’मधील ‘बे’ मात्र उघडच फार्सी आहे. परिभाषाकोशांनी अँटेनाला ‘आकाशक’ हा देखणा प्रतिशब्द दिला, पण तो कोशाबाहेर फारसा पडला नाही. बोलण्यात ‘रेंज’ हा एकच शब्द सिग्नलची तीव्रता, सेवेची व्याप्ती आणि नेटचा वेग या तिन्हींसाठी चालतो. संशोधनात हे तीन वेगळे ठेवावे लागतात. म्हणूनच ‘रेंज फुल्ल आहे, पण नेट चालत नाही’ या तक्रारीत विसंगती काहीच नाही.

उगम : हाइन्‍रिख हर्ट्‌झ यांनी १८८७–८८ मध्ये विद्युत् चुंबकीय तरंगांचे अस्तित्व प्रयोगाने दाखवले, याबद्दल दुमत नाही. त्यापुढचे श्रेय वादग्रस्त आहे. जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये तरंग भिंतींपार पाठवून घंटा वाजवली व बंदुकीची दारू उडवली, तो प्रयोग काही ग्रंथांत १८९४चा, तर काहींत १८९५चा दिला आहे. त्या प्रसंगी बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर मॅकेन्झी हजर होते असे सांगितले जाते आणि ते १८९५ मध्ये त्या पदावर आले. बोस यांचा या विषयावरील पहिला निबंधही मे १८९५मधला आहे. त्यामुळे १८९५ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. बोस काही मिलीमीटर तरंगलांबीवर काम करत होते. आजच्या ५-जीने ज्या उच्च कंप्रतांकडे (फ्रीक्वेन्सींकडे) मोर्चा वळवला आहे, त्या साधारण याच पट्ट्याच्या आसपासच्या आहेत.

दुसरा वाद ग्राहीचा, म्हणजे संदेश घेणाऱ्या यंत्राचा. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनी यांनी कॉर्नवॉलमधील पोल्ढू येथून निघालेला संदेश न्यू फाउंडलंडमध्ये ऐकला, तो पारा वापरलेल्या शोधकावर (तरंग आल्याचे ओळखणाऱ्या भागावर). त्याला ‘इटालियन नौदलाचा शोधक’ म्हटले गेले. संशोधक प्रबीर बंद्योपाध्याय यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, की लोखंड व पाऱ्याचा असा शोधक बोस यांनी १८९९ मध्येच रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. शोधकापुरते हे प्रतिपादन मान्य करण्यास हरकत नसावी; दूर अंतराच्या व्यापारी संदेशवहनाचे श्रेय मात्र त्यावरून बोस यांच्याकडे जात नाही, आणि त्यांचा तसा दावाही नव्हता. महाराष्ट्रात या तंत्राचा मोठा वापर १९२७ मध्ये सुरू झाला. इंग्लंडशी थेट बिनतारी तारसेवेसाठी खडकीला प्रेषण केंद्र आणि दौंडला ग्राही केंद्र उभारले गेले.

कार्यक्षमता : तारेत दोघांचे बोलणे दोघांपुरते राहते; हवा सर्वांची असते. एकाच वेळी दोघे बोलले तर दोघांचेही वाया जाते, आणि या टकरींचा हिशेब मांडणे हाच या शाखेचा पाया आहे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘अलोहा’ जाळ्यात नियम साधा होता : मनात आले की पाठवा, पोच आली नाही तर थोडे थांबून पुन्हा पाठवा. गणित सांगते, की या पद्धतीत वाहिनीचा (चॅनेलचा) जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळ कामी लागतो. वेळेचे समान तुकडे पाडून प्रत्येकाने तुकड्याच्या आरंभीच बोलायचे ठरवले, तर हा आकडा दुप्पट, म्हणजे ३६.८ टक्के होतो. पुढे ‘आधी कान द्या, मग बोला’ ही रीत आली व १९९७च्या वाय-फाय मानकाने तीच उचलली.

या रीतीची मर्यादा टोबागी व क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्येच दाखवली होती. दोन प्रेषकांच्या मध्ये आडोसा असला, तर त्यांना एकमेकांचे ऐकू येत नाही, पण मधल्या ग्राहीला दोघांचेही ऐकू येते. हा ‘दडलेल्या प्रेषकाचा’ प्रश्न. पारसिकच्या डोंगराच्या एका अंगाला मुंब्रा आणि दुसऱ्या अंगाला ऐरोली-रबाळे; माथ्यावर ग्राही ठेवला, तर दोन्ही पायथ्यांचे प्रेषक एकमेकांना दडलेले राहतील. उदाहरणासाठी इतकी सोयीची भूरचना शोधूनही सापडणार नाही.

सोसायट्यांमध्ये दिसणारा दोष निराळा. २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन, १, ६ आणि ११. आणि एका विंगमध्ये राउटर डझनावारी. शिवाय संधी सर्वांना समान मिळते, वेळ नव्हे. दूरच्या खोलीतला एखादा मंद लॅपटॉप आपल्या पाळीत इतका वेळ घेतो, की शेजारच्या वेगवान साधनाचाही वेग त्याच्या पातळीला उतरतो. फ्रान्समधील संशोधकांनी २००३ मध्ये ही विसंगती मांडली. केबलवाल्याला बोल लावण्यापूर्वी हे तपासावे. भारतात ५ गिगाहर्ट्‌झमधील बराच मोठा पट्टा २०१८ मध्ये परवानामुक्त झाल्यावर ही दाटी काहीशी सैल झाली.

जाळे वाढले, की प्रत्येकाच्या वाट्याला काय येते, याचे उत्तर पीयूष गुप्ता व पी. आर. कुमार यांनी २००० मध्ये दिले : टॉवरविना, एकमेकांमार्फत संदेश पुढे देणाऱ्या जाळ्यात साधनांची संख्या वाढते तसा प्रत्येकाचा वाटा घटतच जातो. अशा जाळ्यांवरील पुष्कळसे संशोधन संगणकातील प्रतिरूपांवर (सिम्युलेशनवर) चालते. त्यात साधने एका रिकाम्या चौकोनी मैदानात यदृच्छेने फिरतात असे धरले जाते. २००३ मध्ये याच प्रारूपावर आक्षेप घेतला गेला, कारण त्यात साधनांचा सरासरी वेग वेळेनुसार आपोआप घटत जातो आणि निष्कर्ष बिघडतात. अभियांत्रिकीच्या प्रकल्पवह्यांत ते प्रारूप तरीही टिकून आहे. त्या मैदानात डोंगर नसतो, तिवरांची राई नसते, आणि खाडी तर नसतेच.

खाडीवरील दुवे : पाण्यावरून जाणाऱ्या बिनतारी दुव्याला दोन वाटा मिळतात, एक सरळ आणि दुसरी पाण्यावरून परावर्तित. दोन्ही तरंग एका तालात पोचले तर सिग्नल वाढतो, उलट तालात पोचले तर एकमेकांना मारतो. समुद्रात लाटांमुळे परावर्तन विस्कटते. खाडीत तसे होत नाही. दोन किमी. अंतरावर, पाण्यापासून २० मी. उंचीवर दोन अँटेना धरल्या, तर तरंग पाण्याला सुमारे एका अंशाच्या कोनात घासून जातो; अशा कोनात ५.८ गिगाहर्ट्‌झच्या तरंगाला साधारण ३० सेंमी.पर्यंतची लाट सपाट आरशासारखीच भासते. ऐरोली-मुलुंड पट्ट्यातील संथ पाण्याला ही अट सहज पुरी करता येते.

खरी अडचण भरती-ओहोटीची. वरील उदाहरणात सरळ व परावर्तित वाटांच्या लांबीतील फरक सुमारे ४० सेंमी. येतो. उधाणाच्या दिवशी पाणी ४ मी. उतरले, की अँटेना पाण्यापासून २४ मी. उंच होतात आणि हा फरक सुमारे ५८ सेंमी. होतो. ५.८ गिगाहर्ट्‌झची तरंगलांबी ५.२ सेंमी. असल्याने, पाणी उतरता उतरता दोन तरंग तीनहून अधिक वेळा तालात येतात व तालाबाहेर जातात. म्हणजे सहा तासांच्या एका ओहोटीत दुवा तीन वेळा चढतो आणि तीन वेळा पडतो, आणि यंत्रात बिघाड काहीच नसतो. असा दोष ओळखण्याची खूण सोपी आहे. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तक्रारीची वेळही तशीच सरकत असेल, तर स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून भरतीचे वेळापत्रक उघडावे. कोळ्यांना ते तोंडपाठ असते.

यावर उपाय म्हणजे एकाच खांबावर उंचीत अंतर ठेवून दोन अँटेना लावणे : एकीवर तरंग मरत असता दुसरीवर तो जिवंत राहतो. उंचीचा आणखी एक हिशेब आहे. तरंग धाग्यासारखा जात नाही, मध्यावर फुगलेल्या नळीसारखा जातो. दोन किमी. व ५.८ गिगाहर्ट्‌झसाठी त्या फुगवट्याची त्रिज्या मध्यावर सुमारे ५ मी. असते आणि तिचा किमान ६० टक्के भाग मोकळा लागतो. समोरची इमारत डोळ्यांना दिसते म्हणून दुवा जुळेलच असे नाही. काठावरच्या तिवरांचे शेंडे या नळीत घुसले, तर पाऊस पडून पाने ओली झाल्यावर सिग्नल आणखी शोषला जातो.

पावसाचा थेट परिणाम कंप्रतेवर अवलंबून आहे. २.४ गिगाहर्ट्‌झला पाऊस जवळजवळ जाणवत नाही. ५-जीसाठी भारतात दिलेल्या २६ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात मात्र ताशी ५० मिमी.च्या सरीत दर किमी.ला सुमारे ८ डेसिबल क्षीणन (सिग्नलची घट) होते, म्हणजे शक्तीचा साधारण सहावा हिस्सा उरतो. ठाण्याच्या जुलैत अशी सर दुर्मीळ नसते. कळवा व मुंब्रा यांमधील १९१६चा, सुमारे १.३ किमी. लांबीचा पारसिक बोगदा हा स्वतंत्र विषय आहे. बोगद्यात उच्च कंप्रता नीच कंप्रतांपेक्षा दूरवर पोचतात, एवढे येथे पुरे.

सुरक्षितता : वाय-फायचे पहिले कुलूप, म्हणजे संदेश सांकेतिक करून झाकण्याची पद्धत, ‘वेप’ हे होते. त्याच्या किल्लीतील बदलता भाग केवळ २४ बिटांचा, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख शक्यतांचा असल्याने गजबजलेल्या जाळ्यात तो लवकरच पुन्हा वापरावा लागे. फ्लूरर, मँटिन व शमीर यांनी २००१ मध्ये त्यातील संकेतलेखनाचा मूळ दोष उघड केला. त्यानंतर २००३ मध्ये डब्ल्यूपीए व २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ ही सुधारित कुलुपे आली. २०१७ मध्ये माथी वानहूफ यांनी डब्ल्यूपीए-२च्या किल्ली बसवण्याच्या क्रियेतील दोष दाखवला आणि पुढच्याच वर्षी डब्ल्यूपीए-३ जाहीर झाले.

भारतात या प्रश्नाची सार्वजनिक जाणीव नवी मुंबईतून झाली, असे म्हणता येईल. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या बाँबस्फोटांच्या काही मिनिटे आधी निघालेल्या धमकीच्या ई-मेलचा माग सानपाड्यातील एका सदनिकेच्या इंटरनेट जोडणीपर्यंत पोचला. तेथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाच्या वाय-फायला कुलूप नव्हते. त्या उघड्या जोडणीचा वापर दुसऱ्याच कोणी केल्याचे तपासात पुढे आले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी गाडीतून फिरून उघडी वाय-फाय जाळी शोधण्याची मोहीम हाती घेतली आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने वापरकर्त्याची ओळख पटवल्याशिवाय वाय-फाय न देण्याविषयी सूचना काढल्या. तांत्रिकदृष्ट्या या प्रकरणाचा धडा कुलपापेक्षा नोंदींचा आहे. बाहेरून फक्त जोडणीचा पत्ता दिसतो. आत कोणते साधन होते हे राउटरच्या नोंदीवरूनच कळते, आणि तिथला साधनाचा क्रमांक बदलणे कठीण नसते.

टॉवरच्या किरणोत्सर्गाबाबत सोसायट्यांच्या सभांत होणारा वाद या अर्थाने सुरक्षिततेचा नसला, तरी त्याच नावाने ओळखला जातो. १ सप्टेंबर २०१२पासून भारताची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश आहे. ९०० मेगाहर्ट्‌झसाठी ती ०.४५ वॉट प्रति चौ. मी. आहे.

उपयोग : ८६५–८६७ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे. वाशी, ऐरोली आणि मुलुंडच्या नाक्यांवरचा फास्टॅग त्यावरच चालतो, आणि कमी विजेवर दूरवर थोडा मजकूर पाठवणारी मापन-साधनेही. फास्टॅगला स्वतःची बॅटरी नसते. वाचकयंत्राच्या तरंगातील ऊर्जेवरच तो उत्तर देतो.

दळणवळण कायम नसेल तेथे ‘साठवा आणि संधी मिळताच पाठवा’ हे तत्त्व वापरतात. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या झेब्रानेट प्रकल्पात झेब्र्यांच्या गळपट्ट्यांवर ते वापरले गेले. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ठाणे खाडीतील काही फ्लेमिंगोंना जीपीएस टॅग बसवले आणि त्यांपैकी काही पक्षी गुजरातकडे गेल्याचे त्यांवरून कळले. मोबाइल जाळ्यावर चालणारा असा टॅग रेंज नसलेल्या खाजणात नोंदी साठवून ठेवतो व पक्षी टॉवरच्या टप्प्यात आला, की त्या एकदम रवाना करतो. नकाशावरचा ठिपका त्यामुळे कधी कधी कित्येक तास मागे असतो.