एकाच सोप्यात, वेगवेगळ्या पडद्यांवर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी रात्रीची जेवणे आटोपली की सगळे सोप्यात येऊन बसतात. आज्जी भिंतीला टेकून, थोरले काका आरामखुर्चीत, काकू उंबऱ्याजवळ आणि मुले मधल्या घोंगड्यावर. वीस वर्षांपूर्वीही माणसे याच वेळी, याच जागी बसत होती. आता मात्र आज्जी सोडली तर प्रत्येकाची मान खाली असते आणि चेहऱ्यावर मोबाइलचा उजेड पडलेला असतो. मोबाइलने घराचा एकत्र वेळ हिरावून घेतला, असे हे दृश्य पाहून आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्ष मोजणीतून निघालेले उत्तर मात्र थोडे निराळे आहे.

लोक दिवसभर काय करतात आणि त्या वेळी सोबत कोण असते, याच्या तपशीलवार नोंदी ब्रिटनमध्ये २००० आणि २०१५ या सालांच्या सुमारास गोळा करण्यात आल्या होत्या. त्यांवरून किलियन मुलान आणि स्टेला चॅट्झिथिओचारी या संशोधकांनी ८ ते १६ वर्षांच्या मुलांचा वेळ मोजला. मुले आणि आईवडील एकाच ठिकाणी असण्याचा वेळ २००० साली दिवसाला सरासरी ३४७ मिनिटे होता, तो २०१५ साली ३७९ मिनिटे झाला. वेळ वाढला होता. पण ही वाढ ज्या वेळेची होती, त्यात मूल घरात आहे, आईवडीलही घरात आहेत आणि तरीही ‘मी एकटा होतो’ अशी नोंद मुलाने केली आहे. असा वेळ ९५ मिनिटांवरून १३६ मिनिटांवर गेला होता. तेवढ्यावरून सगळा दोष मोबाइलच्या माथी मारता येत नाही, हे खरे. परंतु एका छपराखाली असणे आणि एकत्र असणे या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, हे या आकड्यांतून स्पष्ट होते, आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते.

या दोहोंमधला फरक कळण्यासाठी तान्ह्या बाळाकडे पाहावे लागते. साधारण नऊ महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या काळात बाळ आईची नजर जिकडे जाते तिकडे पाहू लागते, स्वतः बोट दाखवू लागते आणि आई तिकडे बघते आहे ना, याची वळून खात्रीही करून घेते. दोघांचे लक्ष एकाच वस्तूवर असणे आणि ते तसे आहे हे दोघांनाही ठाऊक असणे, याला सामाईक लक्ष म्हणता येईल. भाषा शिकण्याचा मोठा भाग यावर उभा आहे. मोठेपणीही एकत्र असल्याची भावना बरीचशी इथूनच येते, असे माझे मत आहे. वडील वर्तमानपत्र वाचत असत तेव्हा पानाची मागची बाजू समोरच्याला दिसत असे आणि तिथूनच एखादा विषय निघत असे. दूरचित्रवाणी संच घरात एकच होता, त्यामुळे मालिका आवडो न आवडो, डोळे एका जागी असत आणि टीकाही मिळून होई. मोबाइलचा पडदा मात्र एकाच माणसापुरता असतो. काका वीजबिल भरत आहेत, बातमी वाचत आहेत की कुणाला निरोप पाठवत आहेत, हे शेजारी बसलेल्या मुलाला कळण्याचा काहीच मार्ग नसतो. नजरेचा माग काढत जावे तर ती मोबाइलच्या काळ्या पाठीवर येऊन थांबते.

हा धागा तुटला की काय होते, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात दिसले. ३८ आयांना आपापल्या दोन वर्षांच्या मुलांना दोन नवे शब्द शिकवायला सांगितले होते. एक शब्द सलग शिकवला गेला, तर दुसरा शिकवत असताना मध्येच आईला फोन आला. दोन्ही शब्द मुलांच्या कानांवर सारख्याच वेळा पडले होते. तरीही सलग शिकवलेला शब्द मुले शिकली आणि फोनने तोडलेला शब्द शिकली नाहीत.

आपल्या सीमाभागात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. इथल्या मुलाच्या कानांवर बाजारात, बसमध्ये आणि कचेरीत कन्नड पडते, शाळा अनेकदा इंग्रजी माध्यमाची असते, आणि घरची मराठी त्याला मुख्यतः घरातल्या माणसांच्या तोंडूनच मिळते. मग ती मराठी मोबाइलवरच्या बडबडगीतांतून मिळाली तर काय बिघडले, असे कोणी विचारील. पॅट्रिशिया कूल या अमेरिकन संशोधिकेच्या गटाने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणाऱ्या व्यक्ती बारा वेळा प्रत्यक्ष खेळल्या, आणि ती बाळे त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू लागली. दुसऱ्या गटाला हेच सारे पडद्यावर दाखवले, तेव्हा ती बाळे काहीच शिकली नाहीत.

तरीही पडदा सरसकट टाकाऊ ठरत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुले व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदे शिकली. तशाच ध्वनिमुद्रित चित्रफितीतून मात्र शिकली नाहीत. कॉलवरचा माणूस मुलाच्या प्रत्येक हालचालीला उत्तर देत होता, चित्रफितीतला देऊ शकत नव्हता, एवढाच काय तो फरक. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास मोबाइल व दूरचित्रवाणी बाजूला ठेवली जाते. सगळ्यांनी एकाच वेळी पडदे खाली ठेवायचे, ही त्यातली कल्पना मला अगदी योग्य वाटते. फक्त आमच्याकडे त्या नियमाला एक अपवाद ठेवावा लागेल, कारण धाकटे काका सैन्यात आहेत आणि त्यांचा फोन नेटवर्क मिळेल तेव्हाच येतो.

तो फोन आला की काकू मोबाइल तांब्याला टेकवून मधोमध ठेवतात आणि बाकी सगळ्यांचे हातातले मोबाइल आपोआप खाली जातात. आज्जीसुद्धा पुढे सरकते. परवा काकांनी अडीच वर्षांच्या पुतण्याला विचारले, “तुझ्या मागं ते काय हाय रे?” त्याने वळून पाहिले, मग आज्जीकडे पाहिले. आज्जी म्हणाली, “बुट्टी.” “बुट्टीत काय हाय?” असे काकांनी विचारताच तो उठला, बुट्टीतले मातीने माखलेले रताळे दोन्ही हातांनी उचलून पडद्यासमोर धरले आणि काका त्याला नाव विचारेपर्यंत ते तसेच धरून उभा राहिला.