कपडे धुणे : पर्यावरणावरील भार आणि तो कमी करण्याचे उपाय

धुण्यासाठी लागणारे पाणी, वीज व डिटर्जंट आणि धुण्यातून बाहेर पडणारे सांडपाणी व तंतुकण यांमुळे निसर्गावर पडणारा भार सर्वत्र सारखा नसतो. यूरोप-अमेरिकेत पाणी तापवून धुण्याची आणि कपडे यंत्रात वाळवण्याची रीत असल्यामुळे तेथे मोठा खर्च ऊर्जेचा होतो. म्हणून ६०° ऐवजी ३०° सेल्सिअस तापमानाला धुणे हा तेथील प्रमुख उपाय ठरला. महाराष्ट्रात बहुतेक घरांत धुणे थंड पाण्यात होते आणि कपडे दोरीवर वाळतात. त्यामुळे पाणी किती लागते आणि मोरीतून काय वाहून जाते, हेच येथे आधी पाहिले पाहिजे.

डिटर्जंटमधील जुनी, शाखित शृंखलेची रसायने जीवाणूंना सहजी पचत नसत. १९५० च्या दशकात पाश्चात्त्य देशांतील नद्यांवर त्यांच्या फेसाचे थर साचू लागल्यावर पुढील दशकात लवकर विघटन पावणारी, सरळ शृंखलेची रसायने वापरात आली. फॉस्फेटाचा प्रश्न याहून चिवट आहे. दुष्फेन (साबणाला सहज फेस न येणाऱ्या, जड) पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम बांधून ठेवण्यासाठी पावडरीत सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट घातले जात असे. हे फॉस्फेट तळ्यात वा नदीत पोचले की शैवाल माजते आणि ते कुजताना पाण्यातील ऑक्सिजन संपून मासे मरतात. स्वित्झर्लंडने १९८६ मध्ये कपड्यांच्या डिटर्जंटमधील फॉस्फेटावर बंदी घातली, तर यूरोपीय संघाने २०१३ पासून त्यावर कडक मर्यादा आणली. फॉस्फेटाची जागा बऱ्याच अंशी झिओलाइट या पाणी मृदू करणाऱ्या पदार्थाने घेतली. भारतात पुष्कळ सांडपाणी प्रक्रियेविना नदीत जाते, त्यामुळे पावडरीत काय आहे याला येथे अधिक महत्त्व आहे. आळंदीला इंद्रायणीवर आणि दिल्लीत यमुनेवर दिसणाऱ्या फेसात कारखान्यांच्या सांडपाण्याबरोबर घरगुती सांडपाण्याचाही वाटा असतो.

घरच्या घरी करण्याजोगा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे पावडर मापून घेणे. फेस जास्त म्हणजे धुणे स्वच्छ, ही समजूत चुकीची आहे. जादा पावडर विसळून काढायला उलट जास्त पाणी लागते. मळकट कपडे आधी भिजत घालणे, यंत्र पुरेसे भरल्यावरच लावणे आणि शेवटच्या विसळणीचे पाणी पुढच्या धुण्याला किंवा फरशी पुसायला वापरणे, यांनीही मोठी बचत होते. समोरून कपडे घालायच्या यंत्राला वरून घालायच्या यंत्रापेक्षा सामान्यतः पाणी कमी लागते. प्रथिने व मेद तोडणारी विकरे (एंझाइम) असलेली डिटर्जंट थंड पाण्यातही डाग काढतात. रेशमी व लोकरी कपड्यांसाठी रिठा पूर्वापार वापरात आहे. त्यातील सॅपोनिन या फेस आणणाऱ्या द्रव्याचे विघटन होत असले तरी ते माशांना विषारी असल्यामुळे रिठ्याचे पाणीही थेट ओढ्यात सोडू नये.

पॉलिएस्टर, नायलॉन व अॅक्रिलिक कपड्यांतून धुताना सुटणारे सूक्ष्म तंतू हा अलीकडे लक्षात आलेला धोका आहे. प्लिमथ विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार ६ किग्रॅ. कपड्यांच्या एका धुण्यातून ७ लाखांहून अधिक तंतू बाहेर पडू शकतात. सांडपाणी प्रक्रिया केंद्रे त्यांतील बरेच अडवतात, पण अडलेले तंतू गाळात उरतात आणि तो गाळ खत म्हणून शेतात पडला की जमिनीत जातात. असे कपडे गरजेपुरतेच आणि थंड पाण्यात, कमी वेळाच्या फेरीत धुतल्यास तंतू कमी सुटतात. यंत्राच्या निचऱ्याला गाळणी बसवता येते; मात्र तिच्यात साठलेला लगदा नळाखाली न धुता सुक्या कचऱ्यात टाकावा लागतो.