आशिया मायनरमधलं ग्रीक जग कसं ओसरलं

१४५३ मध्ये बायझंटाईन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टॅन्टिनोपल (आजचं इस्तंबूल) तुर्कांच्या हाती पडली, हे शाळेच्या पुस्तकांमुळे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ग्रीक संस्कृतीची मोठी पडझड तोवर होऊन गेली होती आणि ती झाली आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात. बायझंटाईन, म्हणजे ग्रीकभाषी पूर्व रोमन साम्राज्याला सैनिक, धान्य आणि महसूल पुरवणारा हाच मुलूख.

१०७१ मध्ये मान्झिकर्टच्या लढाईत सेल्जुक तुर्कांचा सुलतान अल्प अर्सलान याने बायझंटाईन सम्राट चौथ्या रोमानोसला कैद केलं. माझ्या मते या पराभवापेक्षा नंतरची भाऊबंदकी जास्त महागात पडली. गादीसाठी भांडणाऱ्या सरदारांनी तुर्की फौजा भाड्याने घेतल्या आणि शहरांत आणून बसवल्या. निकिया शहर असंच हातचं गेलं. ते १०९७ मध्ये परत मिळालं, तेव्हा सेल्जुकांनी आपली राजधानी तिथून कोन्याला नेली. ११७६ च्या मिरिओकेफालोनच्या पराभवानंतर मधलं पठार परत मिळण्याची आशा मावळली.

राज्य गेल्यावरही भाषा आणि धर्म टिकू शकतात. इथे मात्र त्यांना सांभाळणारं चर्चच खिळखिळं झालं. जमिनी गेल्या, उत्पन्न आटलं, कित्येक बिशपांना आपल्या गावी पाऊलही ठेवता येईना. शाळा, दानधर्म, आजाऱ्यांची सोय हे सगळं चर्चच्याच आधाराने चाले. ती जागा मदरसे, वक्फ आणि दर्वेशांच्या मठांनी घेतली. धर्मांतरं तलवारीच्या धाकाने झाली, तशी या पोकळीमुळेही झाली. कोन्यात राहिलेल्या सूफी कवी जलालुद्दीन रूमींच्या काव्यात ग्रीक ओळी सापडतात. दोन्ही समाज किती जवळ राहत होते हे त्यावरून कळतं. १३३१ मध्ये निकिया उस्मानी (ऑटोमन) तुर्कांनी घेतलं. पुढच्या दहा वर्षांच्या आतच कॉन्स्टॅन्टिनोपलच्या धर्मप्रमुखाला तिथल्या धर्मांतरितांना कळवावं लागलं की, भीतीपोटी उघडपणे जमत नसेल तर मनातून ख्रिस्ती राहा, तरीही तुमचा उद्धार होईल. एका समाजाची याहून मोठी असहायता कोणती असेल!

काळ्या समुद्राकाठचं ट्रेबिझोंडचं (आजचं ट्राब्झोन) ग्रीक राज्य १४६१ पर्यंत तगलं. कॅपाडोशियातल्या काही गावांत ग्रीक बोली विसाव्या शतकापर्यंत बोलली जात होती. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातल्या १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीच्या कराराने सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसचे झाले. निकष धर्माचा होता, भाषेचा नव्हे. त्यामुळे घरात तुर्की बोलणारे आणि ती ग्रीक लिपीत लिहिणारे करामानली ख्रिस्ती ग्रीसला गेले, तर ट्राब्झोनजवळच्या खोऱ्यांतले ग्रीकभाषी मुसलमान तिथेच राहिले. त्यांची ती बोली आजही पूर्ण संपलेली नाही.