फ्रीजरमधलं नारळाचं दूध: फुटलंय की नासलंय?

खानदेशी स्वयंपाकाला ओल्या नारळापेक्षा सुकं खोबरं जवळचं. शेवभाजी असो की पाटवडीचा रस्सा, भाजलेलं खोबरं आणि काळा मसाला यांवरच सगळं चालतं. म्हणून नारळाचं दूध घरात आलं की हमखास उरतं. कधी नारळीभातासाठी फोडलेला २०० मिलीचा खोका असतो, कधी सप्तशृंगी गडावरून आलेल्या प्रसादाच्या नारळांचं दूध. उरलेलं फ्रीजरमध्ये जातं आणि महिन्याभराने काढलं की खाली पाणी, वर रव्यासारखे पांढरे कण. बघणारा ‘नासलं’ म्हणतो आणि मोरीत ओततो. बहुतेक वेळा ते नासलेलं नसतं, नुसतं फुटलेलं असतं. उलट, खोक्यातलं दूध खरोखर नासलेलं असूनही दिसायला अगदी एकजीव असू शकतं.

नारळाच्या दुधात तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात आणि प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनांचं पातळ आवरण असतं. गोठताना पाण्याचे स्फटिक होतात आणि ते हे थेंब एकमेकांवर दाबतात. तेलही घट्ट होतं, आवरणं फाटतात. मग वितळल्यावर थेंब पुन्हा सुटे होत नाहीत, गोळे होऊन वर येतात. यात जिवाणूंचा काही संबंध नाही. घरी काढलेलं दूध जास्त फुटतं. खोक्यातल्या दुधात सहसा ग्वार गमसारखे पदार्थ घातलेले असल्यामुळे ते कमी फुटतं.

नासणं वेगळं. तिथे जिवाणू किंवा बुरशी वाढलेली असते, आणि ती बहुधा गोठवण्याआधीच सुरू झालेली असते. फ्रीजरमध्ये वाढ थांबते, पण झालेली खराबी परत फिरत नाही. सकाळी काढलेलं दूध मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात ओट्यावर दुपारपर्यंत राहिलं आणि मग गोठवलं, तर गोठलं ते नासायला लागलेलंच दूध.

ओळखायचं कसं? पांढरे कण बोटांत घेऊन चोळा. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं, म्हणून फुटलेल्या दुधाचे बहुतेक कण बोटांच्या उबेने विरघळतात आणि तेलकटपणा मागे राहतो. नासलेलं दूध बुळबुळीत लागतं, कधी तार धरतं. उन्हाळ्यात खोलीच उबदार असल्याने फुटलेल्या दुधातलं तेल आपोआप वितळून पारदर्शक थरासारखं वर तरंगतं. ते दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. धुळ्याच्या थंडीत तेच तेल कडक ढेकळं होऊन बसतं.

वासाची परीक्षा गार दुधावर घेऊ नका, थंडीत वास दबतो. चमचाभर दूध कोमट करून हुंगा. गोडसर खोबऱ्याचा वास आला तर ठीक. आंबट वास, वर बुडबुडे, गुलाबी, करडे किंवा काळे ठिपके यांतलं काहीही असेल तर टाकून द्या, चाखूनही बघू नका. साबणासारखा किंवा खवट वास म्हणजे चरबी बिघडली. त्याने आजारी पडालच असं नाही, पण भाजी नक्की बिघडेल.

एक परीक्षा मात्र इथे अजिबात चालत नाही, आणि सगळ्यात जास्त तीच केली जाते. म्हशीचं दूध तापवून बघतात, फाटलं तर खराब. नारळाचं ताजं दूधही खळखळून उकळलं की फुटतं, कारण साधारण ८० अंशांच्या आसपास त्यातली प्रथिनं साकळायला लागतात. तापवल्यावर फुटलं, यावरून ते नासलेलं ठरत नाही. याच्या उलट समजूत जास्त धोक्याची: आंबलेलं दूध उकळलं की चालतं, ही. इंडोनेशियात खोबऱ्याच्या चोथ्यापासून बनणाऱ्या ‘टेंपे बोंगक्रेक’ या आंबवलेल्या पदार्थातून जीवघेण्या विषबाधा झाल्या आणि १९८८ मध्ये त्याच्या उत्पादनावर बंदी आली. त्यातलं जिवाणूंचं विष शिजवूनही नष्ट होत नाही. आपल्या वाटीत तेच असेल असं नाही, पण उकळीवर भरवसा का ठेवायचा नाही, ते यातून कळतं.

गोठवायचं तर काढल्या दिवशीच, शक्यतो तासाभरात. आधी ढवळून वरची साय एकजीव करा, नाहीतर एका ठोकळ्यात सगळं तेल आणि दुसऱ्यात पाणी जातं. बर्फाच्या ट्रेमध्ये १५ मिलीच्या मोठ्या चमच्याने मोजून भरा, म्हणजे एक ठोकळा किती दुधाचा ते पक्कं राहतं. घट्ट गोठले की ठोकळे जाड पिशवीत घाला, हवा काढून तारीख लिहा. डब्यात गोठवत असाल तर वर दोन बोटं जागा सोडा. काचेची बरणी तडकते. पत्र्याच्या डब्यातलं दूध आधी दुसऱ्या भांड्यात काढा.

उणे १८ अंश धरणाऱ्या फ्रीजरमध्ये चव दोन-तीन महिने चांगली राहते. एका दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात आइस्क्रीम मऊच राहत असेल, तर दोन-तीन आठवड्यांत संपवा. उन्हाळ्यात वीज तासन्‌तास जाते आणि आपण घरी नसलो तर कळतही नाही. त्यासाठी वाटीभर पाणी गोठवून वर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी रुतलेलं दिसलं, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. ते दूध वापरू नका. स्वतः वितळवलेलं दूधही पुन्हा गोठवू नका.

फुटलेलं दूध सुधारता येतं. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवा, हाताला जेमतेम कोमट करा आणि मिक्सरमध्ये १०-१५ सेकंद फिरवा. तरीही पाणी सुटत असेल तर २०० मिलीला एक छोटा चमचा तांदळाचं पीठ थोड्या पाण्यात कालवून घाला आणि मंद आचेवर ढवळत दाट करा. पुलाव, नारळीभात यांत एवढीही खटपट नको, ठोकळे थेट टाका. शिजवलेल्या भाजीत चिंच किंवा टोमॅटो आधी शिजू द्या, दूध शेवटी, आणि उकळी नको. सोलकढीत मात्र हे दूध घालूच नका: ती गार पितात, तेलाचे कण जिभेवर येतात. शेवभाजीत फुटल्याचं कुणाला कळणारही नाही, तिथे वर तर्री हवीच असते. पण ओल्या नारळाचा गोडवा काळ्या मसाल्याचा ठसका बोथट करतो. तिथे आपलं भाजलेलं खोबरंच बरं.