मांजराच्या पिल्लांचा खेळकर चावा

मांजराच्या पिल्लांचा खेळकर चावा : पाळीव मांजराचे पिल्लू खेळाच्या भरात भावंडाला, एखाद्या वस्तूला किंवा माणसाच्या हातापायांना दातांनी धरते, त्या वर्तनास ही संज्ञा लावतात. हे वर्तन साधारणपणे चौथ्या आठवड्यापासून दिसू लागते व पहिल्या वर्षात त्याचा जोर अधिक असतो. भीती, वेदना किंवा कुरवाळणे नकोसे झाल्यामुळे घेतलेला चावा यात मोडत नाही. खेळकर चाव्यात पिल्लू सहसा फिसकारत वा गुरगुरत नाही. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या असतात, शेपटीचे टोक वळवळत असते, तोंड अर्धवट उघडे असते आणि चावून झाल्यावर ते पळून न जाता पुन्हा झेप घेण्याच्या तयारीत थांबते. याउलट कान मागे चपटे केलेले, अंग आखडलेले आणि सुटकेची वाट शोधणारे पिल्लू घाबरलेले असते. त्याच्यावर पुढील उपाय योजू नयेत.

उगम व विकास : पिल्लांच्या परस्परांतील खेळाचे पद्धतशीर वर्णन प्राणिवर्तनाच्या अभ्यासक मेरेडिथ वेस्ट यांनी १९७४ मध्ये केले. त्यांनी आठ पवित्रे वेगळे काढले. त्यांपैकी जोडीने येणारे दोन येथे महत्त्वाचे आहेत : एक पिल्लू उताणे पडून चारही पाय वर करते, तर दुसरे त्याच्यावर उभे राहते. या स्थितीत दोघेही एकमेकांच्या मानेच्या व गळ्याच्या बाजूला तोंड नेतात. खालचे पिल्लू पुढच्या पंजांनी मिठी मारून मागच्या पायांनी भराभर लाथा झाडते. माणसाच्या मनगटाला बिलगून पिल्लू जे करते ते नेमके हेच असते. हाताखाली उताणे झालेले पिल्लू पोट खाजवून घ्यायला आले आहे, हा समज बहुतेक ओरखड्यांच्या मुळाशी असतो.

भावंडांशी होणारा हा सामाजिक खेळ चौथ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो. सातव्या-आठव्या आठवड्याच्या आसपास वस्तूंशी खेळणे झपाट्याने वाढते, आणि बारा ते चौदा आठवड्यांनंतर सामाजिक खेळ हळूहळू ओसरून त्यात खऱ्या भांडणाची झाक येऊ लागते. बरीच पिल्ले नव्या घरी येतात ती नेमकी या संक्रमणाच्या काळात. माणसांशी सलगी जडण्याचा संवेदनशील काळ मात्र दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा मानला जातो, म्हणजे तो बहुधा त्याआधीच उलटून गेलेला असतो.

चाव्याचा जोर आवरायला पिल्लू कसे शिकते, याबद्दल प्रचलित मत असे : जोरात चावले की भावंड ओरडते व खेळ सोडून निघून जाते, आई पंजाने दाबून धरते, आणि या अनुभवातून जोर बेताचा होतो. लवकर वेगळे केलेले पिल्लू म्हणून अधिक चावते, असे यावरून सांगितले जाते. हे स्पष्टीकरण ग्राह्य असले तरी अपुरे वाटते. पॅट्रिक बेटसन, पॉल मार्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत आईचे दूध वेळेआधी कमी केलेल्या पिल्लांमध्ये खेळाचे काही प्रकार मुळातच वाढलेले आढळले. दूध लवकर तुटणे ही स्वतंत्र होण्याची वेळ जवळ आल्याची खूण असून पिल्लू तिला खेळ वाढवून प्रतिसाद देते, असा अर्थ त्यांनी लावला. म्हणजेच लवकर दुरावलेल्या पिल्लात दोन गोष्टी एकत्र येतात : शिकवणारे भावंड नसते आणि खेळण्याची ओढ वाढलेली असते. हेलसिंकी विद्यापीठातील संशोधकांनी ५,७२६ मांजरांच्या पालकांकडून भरून घेतलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत आठ आठवड्यांच्या आत दूध तोडलेल्या मांजरांत आक्रमकतेचे प्रमाण अधिक, तर चौदा आठवड्यांनंतर तोडलेल्यांत ते कमी दिसले. ही माहिती पालकांच्या निरीक्षणावर आधारलेली असल्याने तीवरून कार्यकारणभाव ठामपणे सांगता येत नाही. तथापि पिल्लू किमान चौदा आठवड्यांपर्यंत आई-भावंडांत ठेवावे, असे संशोधकांनी तिच्या आधारे सुचवले.

शिकारीशी संबंध : खेळ हा शिकारीचा सराव आहे, ही कल्पना जुनी व लोकप्रिय आहे. प्राणिवर्तनाचे अभ्यासक पॉल लायहाउझेन यांच्या मते दबा धरणे, झडप घालणे, मारणे व खाणे यांमागे प्रत्येकी स्वतंत्र प्रेरणा असते. त्यामुळे पोट भरलेले मांजरही दबा धरते. टिम कॅरो यांच्या १९८० मधील प्रयोगांत मात्र पिल्लूपणी वस्तूंशी खेळायला मिळाले वा न मिळाले, तरी पुढील शिकारीच्या कौशल्यात स्पष्ट फरक दिसला नाही. मॅक्सीन बिबन यांनी १९७९ मध्ये दाखवले, की भूक वाढली की मांजर भक्ष्याला लवकर मारते, आणि भक्ष्य मोठे वा अवघड असेल तर त्याच्याशी अधिक खेळते. हॉल व ब्रॅडशॉ यांना १९९८ मध्ये प्रौढ मांजरांत असे आढळले, की भुकेमुळे खेळण्यांशी चालणारा खेळही तीव्र होतो. या साऱ्याचा मेळ घालता वस्तूंशी खेळणे हा शिकारीचा सराव असण्यापेक्षा शिकारीच्याच प्रेरणेचा आविष्कार आहे, हे मत अधिक सयुक्तिक ठरते.

या मताला व्यवहारात महत्त्व आहे. पिल्लाच्या दृष्टीने पांघरुणाखाली हलणारा पाय किंवा झटकन मागे घेतलेला हात ही पळणाऱ्या भक्ष्याची खूण असते. त्यात राग, सूड वा वरचढपणा शोधणे व्यर्थ आहे. शिकारीची ओढ दाबून टाकता येत नाही. तिचे लक्ष्य मात्र बदलता येते.

आवर घालणे : चावा बसताच हात ओढू नये. ओढल्याने दात रुततात, कातडी फाटते आणि पकड घट्ट होते. हात सैल सोडून स्थिर ठेवावा, गरज पडल्यास किंचित तोंडाच्या दिशेने न्यावा; हालचाल थांबली की पकड बहुधा सुटते. मग न बोलता उठून अर्धा-एक मिनिट लक्ष काढून घ्यावे. खेळ संपणे हीच पिल्लाला कळणारी शिक्षा होय, आणि ती चाव्याच्या क्षणीच मिळाली तर उपयोगी पडते. मोठ्याने ‘आई गं’ ओरडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. काही पिल्ले त्याने थबकतात, काही अधिकच चेकाळतात, तर भित्री पिल्ले माणसालाच घाबरू लागतात. म्हणून तो सर्वांना लागू करू नये. नाकावर टिचकी मारणे, मानगुटीला धरून हलवणे, पाणी उडवणे हे प्रकार निषिद्ध मानावेत. त्यांनी खेळकर चाव्याचे रूपांतर भीतीपोटी घेतलेल्या चाव्यात होऊ शकते, आणि तो बरा करणे कितीतरी अवघड असते.

हाताने खेळवणे घरातील सर्वांनीच थांबवावे. एकाने बोटे नाचवायची व दुसऱ्याने त्याबद्दल रागवायचे, असे घडत असेल तर पिल्लू काहीही शिकत नाही. काठीला दोरीने बांधलेले पीस किंवा कापडी तुकडा हात दूर ठेवतो. तो पिल्लाच्या तोंडापुढे नाचवण्याऐवजी त्याच्यापासून दूर, आडोशामागे सरकत नेला तर दबा धरण्यापासून झडपेपर्यंतचा क्रम पुरा होतो. शेवटी खेळणे पकडू द्यावे व लगेच खाणे द्यावे. कधीच हाती न लागणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्यामागे पळवल्यास हा शेवट राहून जातो. मिठी मारून लाथा झाडण्यासाठी पिल्लाच्या अंगाएवढे लांब, कापूस भरलेले खेळणे स्वतंत्र द्यावे. एकाच खेळण्याचा मांजराला लवकर कंटाळा येतो आणि वेगळ्या रूपाचे खेळणे दिल्यास खेळ पुन्हा जोम धरतो, असे प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे सर्व खेळणी एकदम न मांडता आलटून पालटून काढावीत. मांजरे पहाटे व संध्याकाळी अधिक चपळ असतात, तेव्हा पाच-दहा मिनिटांचे दोन-तीन डाव त्या सुमारास ठेवावेत. एकट्या पिल्लाला समवयस्क जोडीदार मिळाल्यास बराच भार हलका होतो.

दात येणे : दुधाचे दात २६ असतात. साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडून सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ३० दात येतात. या काळातील चघळणे दाढांनी, संथपणे व बहुधा वस्तूंवर चालते. झडप घालून घेतलेल्या चाव्याशी त्याची गल्लत करू नये.

वैद्यकीय बाजू : मांजराचे सुळे बारीक व अणकुचीदार असल्याने जखम बाहेरून टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी खोल असते. मांजराच्या तोंडात सामान्यतः आढळणारे पाश्चुरेला मल्टोसिडा हे जीवाणू त्यातून आत शिरतात. हाताच्या सांध्यांजवळची व कंडरांजवळची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यांजवळची) जखम विशेष धोक्याची असते. रक्त आले असल्यास साबण व वाहत्या पाण्याने जखम १५ मिनिटे धुवावी. रेबीज आढळणाऱ्या प्रदेशांत, विशेषतः लस न टोचलेल्या पिल्लाने चावा घेतला असल्यास, चावा खेळातला होता म्हणून लस टाळू नये व त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. काही तासांत सूज, लाली वा ठणका वाढल्यास विलंब करू नये. एरवी शांत असलेले पिल्लू अचानक चावू लागले, किंवा ठरावीक जागी हात लागताच चावत असेल, तर वेदनेची शंका घेऊन ते पशुवैद्याकडून तपासून घ्यावे.