झाडून न निघणारा कचरा

एप्रिल २०२० मध्ये इंदूरमध्ये टाळेबंदी इतकी कडक होती की किराणासुद्धा महापालिकेच्या यादीतून घरपोच यायचा. करण्यासारखं काही नसल्यामुळे माणसं गच्चीवर जायची, आणि रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं : आभाळ काय निळं झालंय! गाड्या थांबल्या, बांधकामं थांबली आणि पंधरवड्याच्या आत हवा धुतल्यासारखी झाली. त्यानंतरच्या महिन्यात, मे २०२० मध्ये, हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेने हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं मासिक प्रमाण नोंदवलं : दहा लाख भागांमागे ४१७ भाग. तिथे १९५८ पासून चालू असलेल्या मोजणीतला तोवरचा तो उच्चांक होता.

जगभरची विमानं जमिनीवर, मोटारी दारात, आणि तरी आकडा वरच. यात विसंगती काही नाही. त्या वर्षात जगाचं कार्बन उत्सर्जन घटलं ते पाच टक्क्यांच्या आसपास. उरलेलं पंचाण्णव टक्के निघतच होतं आणि आधीच्या साठ्यात पडत होतं. धुराचा कण हवेत फार तर आठवडा-दोन आठवडे टिकतो. तो खाली बसतो किंवा पावसाच्या सरीबरोबर उतरतो. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. आपण सोडतो त्यातला साधारण निम्मा वायू समुद्र आणि झाडं शोषून घेतात. उरलेला मागे राहतो, त्यातला बराचसा शतकानुशतकं, आणि थोडा भाग तर हजारो वर्षं. आजोबांच्या तरुणपणी कोळशाच्या इंजिनाने सोडलेला वायू आजही डोक्यावर आहे.

हवेचं प्रदूषण आणि तापमानवाढ या दोन प्रश्नांची आपल्या बोलण्यात नेहमी खिचडी होते. ‘प्रदूषण वाढलंय म्हणून उकडतंय’ हे वाक्य पोह्यांच्या ठेल्यावर कुणीही सहज टाकतं. दोन्हींचं मूळ बहुतांशी एकच, जाळणं. पण एक आठवड्यांच्या हिशोबाने चालतं आणि दुसरं शतकांच्या. शिवाय एक दिसतं, दुसरं दिसत नाही.

न दिसणाऱ्याचं वजन किती, ते बघा. स्कूटरमध्ये एक लिटर पेट्रोल घातलं तर त्याचं वजन पाऊण किलोच्या आत-बाहेर भरतं. ते जळल्यावर तयार होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचं वजन मात्र २.३ किलो! ऐकून खोटं वाटतं, पण रसायनशास्त्र सरळ आहे. पेट्रोलमधल्या कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात. कार्बनच्या अणूचं वजन १२ धरलं तर ऑक्सिजनच्या त्या दोन अणूंचं मिळून ३२, म्हणजे जास्तीचं वजन हवेतून आलं. हा वायू काळा असता तर आपल्या गल्लीत एव्हाना मारामाऱ्या झाल्या असत्या.

आता दिसणाऱ्या भागाकडे येऊ, कारण त्यात इंदूरने नाव काढलं आहे. २०१७ पासून हे शहर स्वच्छतेत देशात पहिलं येत राहिलं. २०२३ आणि २०२५ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणातही दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत पहिला क्रमांक इंदूरचाच. रात्री रस्ते झाडणाऱ्या मशिनी, दारात येणारी पिवळी गाडी, ओला-सुका वेगळा करण्याची अंगवळणी पडलेली सवय, हे सगळं खरं आहे आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण झाडू ज्याला हटवतो ती धूळ मोठ्या कणांची असते. दहा मायक्रोमीटरपर्यंतचे हे कण, म्हणजे पीएम १०, बरेचसे नाकातोंडात आणि घशात अडतात. खरा घात करतात ते अडीच मायक्रोमीटरहून लहान कण, पीएम २.५. आपला केस पन्नास ते सत्तर मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे हे त्याच्या विसाव्या भागाहूनही बारीक. ते फुप्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोचतात आणि त्यांतले सर्वांत सूक्ष्म रक्तात उतरतात. म्हणून वाईट हवेने नुसता खोकला होत नाही. हृदयविकार, पक्षाघात आणि दम्यासारखे जुनाट आजारही वाढतात. २०२१ या एका वर्षात जगात ८१ लाख मृत्यूंमागे घरातल्या आणि बाहेरच्या हवेचं प्रदूषण होतं, असा अंदाज आहे.

हे बारीक कण झाडून निघत नाहीत, कारण त्यांतले पुष्कळसे रस्त्यावर पडलेलेच नसतात. ट्रकच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड, कोळशाच्या वीजकेंद्रातून आलेला सल्फर डायऑक्साइड आणि शेतातल्या युरियातून, गोठ्यांतून उठणारा अमोनिया यांची हवेतच गाठ पडते आणि नायट्रेट-सल्फेटचे कण तयार होतात. जन्मच हवेतला. वाऱ्यावर बसून ते शेकडो किलोमीटर जातात, त्यामुळे पालिकेची हद्द त्यांना ठाऊक नसते. माझी तक्रार आहे ती इथे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात इंदूरसह सुमारे १३० शहरं आहेत, पण त्यांच्या प्रगतीचं मोजमाप आजवर मुख्यतः पीएम १० वर झालं. साहजिकच पैसा आणि मेहनत धुळीकडे वळली. परीक्षेत जे विचारतात तेच मुलं पाठ करतात. पीएम २.५ साठी वर्षाच्या सरासरीची आपली मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची शिफारस ५ वर आणली.

हिवाळ्यात तर सगळंच जमिनीलगत साचतं. डिसेंबरच्या निरभ्र रात्री माळव्याची जमीन झपाट्याने थंड होते आणि तिला टेकलेली हवाही. वर त्यापेक्षा उबदार हवेचा थर राहतो. थंड हवा जड, ती वर चढत नाही. त्यामुळे रात्री शेकोटीत टाकलेला टायरचा तुकडा, चौकीदाराने पेटवलेली पॉलिथिनची पोतडी, बायपासवरचे ट्रक, यांचा धूर दोन-तीनशे मीटरच्या आतच कोंडून राहतो. सकाळी ऊन चढेपर्यंत तो हलत नाही. पहाटे फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांनी थंडीचे दोन महिने तरी नऊनंतर बाहेर पडावं, असं मी आमच्याकडे सांगून थकलो.

आता जरा अवघड गोष्ट. हवेतले सल्फेटसारखे फिकट कण सूर्यप्रकाश परत फेकतात, म्हणजे पृथ्वीला थोडं थंड ठेवतात. हवामान बदलाच्या आंतरसरकारी मंडळाने २०२१ च्या अहवालात याचा ताळेबंद मांडला. गेल्या दशकापर्यंत हरितगृह वायूंनी जगाचं तापमान साधारण दीड अंशाने वाढवलं, पण कणांनी आणि इतर घटकांनी त्यातले सुमारे ०.४ अंश झाकले, म्हणून प्रत्यक्षात वाढ १.१ अंशाच्या घरात दिसली. भारत १९०१ ते २०१८ या काळात ०.७ अंशानेच तापला, त्यामागे धुरकट हवा हे एक कारण मानतात. सिंचनाचाही त्यात वाटा आहे. आपल्या डोक्यावर ही घाणेरडी छत्री आहे आणि ती मिटावीच लागणार, कारण तिच्या काड्या फुप्फुसात जातात. पण नुसती छत्री मिटली आणि खालचा वायू तसाच साठत राहिला, तर झाकलेली उष्णता उघडी पडते. म्हणून फक्त चिमणीला गाळणी बसवून काम भागत नाही. २०२४ हे औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत दीड अंशाची रेषा ओलांडणारं पहिलं पूर्ण वर्ष ठरलं.

‘पृथ्वी आधीही तापायची आणि गार व्हायची, यात माणसाचा काय हात?’ हा प्रश्न वकिलीच्या थाटात विचारणारे काका प्रत्येक कुटुंबात असतात. प्रश्न वाजवी आहे आणि त्याचं उत्तर पुराव्याने देता येतं. सजीवांच्या शरीरात कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार असतो, कार्बन १४. तो दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं पुरलेलं असल्यामुळे त्यांत तो शून्य. हवेत वाढणाऱ्या कार्बनमध्ये या मृत कार्बनचा वाटा वाढतो आहे, हे १९५० च्या दशकातच ध्यानात आलं होतं. दुसरा पुरावा ऑक्सिजनचा. जाळताना ऑक्सिजन खर्च होतो, म्हणून तो किंचित का होईना पण घटायला हवा. मौना लोआची मोजणी सुरू करणारे चार्ल्स कीलिंग यांचे चिरंजीव राल्फ यांनी ही घट मोजून दाखवली. (घाबरू नका, श्वासाला कमी पडेल इतकी ती नाही.) तिसरा पुरावा मला सगळ्यांत पटतो. सूर्य जास्त तापला असता तर वातावरण खालपासून वरपर्यंत सगळंच तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि त्याच्या वरचा, स्थितांबराचा, थर गार होतो आहे. वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे नेमकं असंच होईल, हे सुकुरो मानाबे यांनी १९६७ मध्ये गणित करून सांगितलं होतं. २०२१ चं नोबेल त्यांना मिळालं.

हरितगृह वायू उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत आणि ते काम सूर्य मावळल्यावरही चालू असतं, त्यामुळे रात्री तापणं ही या बदलाची खूण आहे. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, अशी जुनी वाटणी आहे. दिवसभर लू लागली तरी रात्री गच्चीवर चादर ओढावी लागायची, यावर इंदूरकरांच्या दोन पिढ्या पोसल्या. आता त्या गच्चीखाली एसीची बाहेरची पेटी गरम हवा सोडत असते. यात सिमेंट आणि डांबराचाही हात आहे. दिवसा प्यालेली उष्णता ते रात्रभर सोडतात, म्हणून शहरातली रात्र आणि वीस किलोमीटरवरच्या खेड्यातली रात्र यांत फरक पडतो. सगळा दोष जागतिक तापमानवाढीवर टाकला तर बिल्डर सुटतात.

गव्हालाही रात्र लागते. दाणा भरत असताना उकाडा झाला की पीक घाईने पिकतं आणि रात्रीच्या उष्णतेत साठवलेली साखर श्वसनातच जळते. दाणा बारीक, सुरकुतलेला राहतो. मार्च २०२२ हा भारतात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च होता. गव्हाच्या उत्पादनाचा अंदाज ११.१ कोटी टनांवरून १०.६ कोटींवर आला आणि १३ मेला केंद्राने निर्यात थांबवली. पावसाचंही तेच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० पासून मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. एक अंश तापलेली हवा सात टक्के जास्त वाफ धरते आणि तापलेला अरबी समुद्र ती पुरवतो. आठ दिवस कोरडे आणि नवव्या दिवशी सगळं एकदम. काळ्या मातीतलं सोयाबीन अशा पाण्यात उभं कुजतं.

आपल्या हातात काय आहे, तर ज्याने दोन्ही प्रश्न एकदम सुटतात ते आधी धरावं. ओला कचरा ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन निघतो. वीस वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो, शिवाय उन्हात विषारी ओझोन तयार व्हायला मदत करतो. पण तो बारा वर्षांच्या आसपासच टिकतो, म्हणजे आज थांबवला तर फळ आपल्याच हयातीत दिसतं. इंदूरच्या देवगुराडियाला कचऱ्याचा जुना डोंगर होता, अधूनमधून पेटायचा. तिथे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवून सुमारे १७ हजार किलो बायो-सीएनजी देऊ शकणारा प्रकल्प सुरू झाला आणि शहर बसगाड्यांना तो गॅस मिळू लागला. स्वच्छतेच्या सगळ्या पदकांपेक्षा मला याचं मोल जास्त वाटतं. उलट शहराबाहेर एप्रिलमध्ये गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेले खुंट, सर्रास पेटवतात. त्यातून निघणारी काजळी फुप्फुसं बिघडवते आणि काळी असल्यामुळे उष्णताही शोषते. शेतकऱ्याला शिव्या देणं सोपं आहे. हार्वेस्टर वीतभर खुंट मागे सोडतो आणि भुसा गोळा करणारं यंत्र गावात एखादंच असतं.

शेवटचा हिशोब पाण्याचा, कारण तो कुणी करत नाही. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ म्हणवणाऱ्या माळव्यातलं हे शहर १९७८ पासून नर्मदेचं पाणी पितं. ते नर्मदाकाठच्या जलूदहून साधारण सत्तर किलोमीटर, विंध्याचा चढ चढून येतं. नदी आणि शहर यांच्या पातळीत निदान चारशे मीटरचा फरक आहे. हजार लिटर पाणी तेवढं उचलायला, पंप अगदी आदर्श असला तरी, १.१ युनिट वीज लागते. घर्षण आणि पंपाची तूट धरली तर दीड युनिटच्या वर. आपल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे हजार लिटरमागे एक किलोच्या वर. माणशी १३५ लिटर धरले तर चौघांच्या घराचे वर्षाला दोनशे किलो, सुमारे ८५ लिटर पेट्रोल जाळल्याइतके, नळाला पाणी येण्याआधीच. महापालिकेला हे वीजबिलात दिसत होतंच. म्हणून २०२३ मध्ये तिने सामान्य माणसालाही घेता येतील असे हरित रोखे काढून २४४ कोटी रुपये उभे केले, जलूदलाच ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. पंपांना चोवीस तास वीज लागते, सौर पट्ट्या दिवसाच चालतात. त्यामुळे रात्रीचं पाणी चढवायला साठवणुकीची सोय होईपर्यंत मुख्यतः कोळसाच लागणार.